जिथे वाड्याला इमारत टेकते: साताऱ्यात जुन्या-नव्या वास्तूंचे फोटो कसे काढायचे

साताऱ्यात जुनं आणि नवं शेजारी शेजारी बघायला शोधत फिरावं लागत नाही. पोवई नाक्यावरून राजपथाने राजवाड्याकडे चालत निघालात की कौलारू माडी, तिला खेटून उभी काचेची शोरूम, दगडी जोत्यावर चढवलेला आरसीसीचा मजला, लाकडी कठड्याआड बसवलेला एसीचा डबा असं सगळं आपसूक समोर येतं. अडचण पुढे आहे. फोटो निघतो, घरी येऊन बघितला की त्यात नुसती दोन घरं असतात. एक जुनं, एक नवं. बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

नुसत्या दोन वेगळ्या गोष्टी एका चौकटीत आणल्या म्हणून विरोध दिसत नाही. त्यांच्यात काहीतरी एक समान असावं लागतं. दारासमोर दार, छपरासमोर छप्पर, कठड्यासमोर कठडा. मग फरक आपोआप बोलतो. आणि ही समानता सगळ्यात नीट सापडते ती सांध्यावर, म्हणजे जिथे जुनी भिंत संपते आणि नवी तिला येऊन टेकते तिथे. नवख्या माणसाने सुरुवात या सांध्यांपासून करावी असं माझं ठाम मत आहे. महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. बरा मोबाईल पुरतो.

आधी गावाची ठेवण समजून घ्या

साताऱ्याच्या दक्षिणेला अजिंक्यतारा गड, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि गडाच्या उत्तर उतारावर राजधानीचं गाव वसत गेलं. म्हणून मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ, चिमणपुरा या पेठा उतारावर आहेत. जुनी वस्ती राजवाड्याच्या आसपास, म्हणजे पश्चिम अंगाला दाट. पूर्वेला पोवई नाका, गोडोली आणि त्यापलीकडे महामार्ग, तिकडे नवं बांधकाम जास्त. सदर बझार हा जुना कॅम्पाचा, म्हणजे छावणीचा भाग. तिथलं घर पेठेतल्या घरापेक्षा वेगळं, कारण ते रस्त्याला चिकटून नसतं, भोवती मोकळी जागा असते. पेठेत घर थेट रस्त्यावर उघडतं. हा फरक लक्षात ठेवलात तर कुठे कोणती लेन्स लागेल याचा अंदाज घरूनच येतो.

उताराचा एक मोठा फायदा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. गडाकडे चढणाऱ्या गल्ल्यांत वरच्या टोकाला जाऊन उभे राहा आणि खाली उत्तरेकडे बघा. खालच्या घरांची कौलं डोळ्यांच्या पातळीला येतात आणि त्यांच्या मागे नव्या इमारतींच्या गच्च्या, काळ्या टाक्या, सोलरची पॅनेलं दिसतात. सपाट गावात यासाठी कुणाच्या तरी गच्चीवर जावं लागलं असतं.

काय बघायचं ते ओळखायला शिका

कॅमेरा पिशवीतच ठेवून पहिली चक्कर मारा. वाड्याची रचना थोडी माहीत असली की डोळा नेमका तिथे जातो. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, मधे विटा आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. घराचा भार बराचसा या लाकडी सांगाड्यावर असतो. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि वाड्याची मोजणीच खणांवर चालते. दर्शनी बाजूला दिंडी दरवाजा, वर माडी, माडीला लाकडी कठडा, खिडक्यांवर महिरप. खांब सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले असतील तर त्यांना सुरूदार खांब म्हणतात. आत चौक, ओसरी, पडवी.

नव्या इमारतीतही सांगाडाच भार घेतो, फक्त तो सिमेंट आणि लोखंडी सळ्यांचा. म्हणूनच पेठेत फिरताना एक सुंदर जोडी सापडू शकते: अर्धवट उतरवलेल्या वाड्याचे उघडे पडलेले सागवानी खांब, आणि पलीकडच्या प्लॉटवर नुकतेच भरलेले आरसीसी कॉलम, वरून सळ्या बाहेर आलेल्या. दोन्हीकडे भिंत नाही, नुसता सांगाडा. अशी जोडी दिसली तर बाकी सगळं सोडून तिथे थांबा.

सांधा कसा बघायचा, त्याचं उदाहरण देतो. वाड्याचा अर्धा भाग पाडून तिथे नवीन बांधकाम होणार असतं, तेव्हा सामाईक भिंत काही काळ उघडी राहते. तिच्या जवळ जा, अगदी हातभर अंतरावर. तुळया जिथे शिरल्या होत्या ती चौकोनी भोकं एका रांगेत दिसतील. ती रांग म्हणजे मजल्याची पातळी. तिच्या वर एका खोलीचा निळा रंग, शेजारी दुसऱ्या खोलीचा पिवळा, मधली भिंत होती तिथे रंगाची सरळ रेघ. खाली काळपट पट्टा दिसला तर तिथे चूल होती. एखादा कोनाडा, त्यात तेलाचा डाग. आणि सगळ्यात वर छपराच्या उताराची तिरकी खूण. या भिंतीचे दोन फोटो घ्या. एक लांबून, ज्यात शेजारच्या नव्या इमारतीची सपाट गच्ची आणि ही तिरकी खूण एकत्र येतात. दुसरा जवळून, फक्त कोनाड्याचा. नवं बांधकाम उभं राहिलं की ही भिंत कायमची झाकली जाते. म्हणून ती दिसली की उद्यावर ढकलू नका.

उजेड: इथे घाई नको

साताऱ्याचे मुख्य रस्ते साधारण पूर्व-पश्चिम आहेत. त्यामुळे घरांची तोंडं बहुतांशी उत्तरेला किंवा दक्षिणेला. दक्षिणमुखी दर्शनी भागावर हिवाळ्यात दिवसभर ऊन असतं. उत्तरमुखी भाग सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत सावलीतच राहतो, कारण त्या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेकडे उगवतो आणि दक्षिणेकडूनच जातो. त्या भिंतींवर ऊन हवं असेल तर उन्हाळ्यातली सकाळ गाठा. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी भिंतीवरचं कोरीवकाम सपाट दिसत नाही, उलट वरून घासून येणाऱ्या उन्हाने महिरपीचा प्रत्येक कंगोरा उठून दिसतो. बाकी उन्हाळ्यातल्या दुपारी फोटोला सोडून द्याव्यात.

संध्याकाळबद्दल एक इशारा. मोबाईलमध्ये दिसणारी सूर्यास्ताची वेळ साताऱ्यात खरी धरू नका. यवतेश्वराचा डोंगर पश्चिमेला असल्यामुळे गावातून ऊन त्याआधीच जातं. सोनेरी उजेड हवा असेल तर वेळ थोडी अलीकडची धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाड्याचा फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि नव्या इमारतीचा भर दुपारी, असं कधी करू नका. पुष्कळ जण नकळत हेच करतात आणि मग जुनं सुंदर, नवं भकास असा निकाल फोटो काढायच्या आधीच लागलेला असतो. हा अन्याय आहे. दोन्हींना एकच वेळ, एकच उजेड, एकच उंची द्या. वाड्यात राहणाऱ्याला पावसाळ्यात गळणारी कौलं, तुळईला लागलेली वाळवी, वारसांत वाटली गेलेली मालकी आणि म्हाताऱ्या माणसाला न चढवणारा अरुंद जिना, हे सगळं सोसावं लागतं. नव्या फ्लॅटमध्ये त्याला लिफ्ट मिळते, न्हाणीघर घरात येतं. मला स्वतःला वाडे अतिशय प्रिय आहेत, ते टिकावेत असं मनापासून वाटतं. पण तो निकाल उजेडाने द्यायचा नसतो.

कॅमेरा सरळ धरा

नवख्यांचे इमारतींचे फोटो ओळखू येतात ते एका गोष्टीवरून: इमारत मागे पडल्यासारखी दिसते. कॅमेरा वर तिरका केला की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. वाडा दुमजली असतो, त्याचं फारसं बिघडत नाही. शेजारची पाच मजली इमारत मात्र पार निमुळती होते आणि तुलनाच बिघडते.

उपाय साधे आहेत. सेटिंगमधून ग्रिड चालू करा आणि एक उभी रेघ वाड्याच्या खांबाला जुळवा. मोबाईल भिंतीला समांतर ठेवा, वर तिरका करू नका. इमारतीचं टोक कापलं जात असेल तर मागे सरका. खाली रस्ता जास्त आला तरी चालेल, नंतर कापता येतो. अल्ट्रावाईडचा मोह टाळा, त्यात कडेच्या रेषा ताणल्या जातात आणि अरुंद बोळही हमरस्ता वाटतो. नेहमीची १एक्स किंवा २एक्स लेन्स वापरा. कॅमेरा असेल तर ३५ ते ५० मिलिमीटर.

गल्लीत मागे सरकायला जागाच नसते, तेव्हा समोरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरून फोटो घेण्याची परवानगी मागा. इमारतीच्या निम्म्या उंचीवर उभं राहिलात की कॅमेरा तिरका करावाच लागत नाही. साताऱ्यात नम्रपणे विचारलं तर लोक सहसा नाही म्हणत नाहीत, बहुतेकदा चहाही मिळतो.

सेटिंगचं फार ओझं घेऊ नका. दिवसा एफ/८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० ते ४००, शटर १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद. एवढ्यात पुढचा खांब आणि मागची इमारत दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. त्रास होतो तो काळ्या दगडाचा आणि पांढऱ्या किंवा काचेच्या दर्शनी भागाचा. दोन्ही एका चौकटीत आले की कॅमेरा गोंधळतो. अशा वेळी उजळ भागावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा. दगड काळपट येईल, पण त्यातला तपशील नंतर उजळता येतो. पांढरा भाग एकदा जळाला की त्यातून काही परत मिळत नाही. रॉ फाईलची, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फोटोची सोय असेल तर तीच वापरा. पावसाने भिजलेला काळा दगड आणखी गडद होतो पण त्यावर चकाकी येते. जोत्याचे फोटो मला पावसाच्या उघडिपीत सगळ्यात आवडतात.

कुठे उभं राहायचं

राजवाड्यापासून सुरुवात करा. जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ च्या सुमारास बांधला, त्याला लागून नंतरचा नवा राजवाडा. समोर गांधी मैदान. सकाळी सातच्या आत गेलात तर दर्शनी भाग मोकळा मिळतो, गाड्या आणि हातगाड्या यायच्या असतात. पण मी म्हणेन, संध्याकाळीही जा. मैदानाच्या चौपाटीवर खाण्याच्या गाड्यांचे दिवे लागतात आणि मागे राजवाडा आकाशाच्या निळ्यात उभा असतो. सूर्य मावळल्यावरची पंधरा-वीस मिनिटं याला योग्य, कारण तेव्हा आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड जवळपास सारखा असतो. पुढे काळोख झाला की राजवाडा काळा आणि गाड्या पांढऱ्याफटक. एलईडीचा निळसर आणि बल्बचा पिवळसर उजेड एकत्र येतो, त्यावर व्हाईट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवायचं सेटिंग) हाताने एकदाच ठरवून ठेवा, म्हणजे सगळ्या फोटोंत रंग सारखे राहतील. अदालतवाडा आणि जलमंदिर ही राजघराण्याची निवासस्थानं आहेत, तिथे परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये.

मोती चौकातून पुढे पेठेच्या आडव्या-उभ्या गल्ल्या. इथे कुठलं घर बघा ते मी सांगणार नाही. तुम्ही एखादी गोष्ट निवडा, उदाहरणार्थ दार, आणि त्या दिवशी फक्त दारंच काढा. दिंडी दरवाजा, लोखंडी सरकतं शटर, काचेचं सेन्सरचं दार, सोसायटीचं गेट. सगळी एकाच अंतरावरून, एकाच उंचीवरून, समोरून. संध्याकाळी ती ओळीने लावून बघा. पुढच्या वेळी छपरं घ्या किंवा पाण्याची सोय: जुने दगडी हौद आणि गच्चीवरच्या टाक्या. साताऱ्यात पाण्याची जुनी व्यवस्था नीट बघण्यासारखी आहे आणि मंगळवार तळ्याच्या काठी वारा नसेल तेव्हा भोवतालच्या इमारतींचं प्रतिबिंब पाण्यात उतरतं.

अजिंक्यतारा हा या सगळ्याचा माळा. गडावरून आणि खालच्या अंगाच्या 'चार भिंती' नावाच्या ठिकाणावरून गाव उत्तरेकडे पसरलेलं दिसतं. तुम्ही उत्तरेकडे बघत असल्यामुळे हिवाळ्यात सूर्य पाठीशी राहतो, हे फोटोसाठी फार सोयीचं. मात्र त्याच दिवसांत सकाळी गडाची सावली पायथ्याच्या पेठांवर पडलेली असते. म्हणून ती सरकेपर्यंत थांबा किंवा दुपारी साडेतीननंतर चढा. इथे लांब पल्ल्याची लेन्स लागते, १०० ते २०० मिलिमीटर, किंवा मोबाईलची ३एक्स, ५एक्स. लांबून काढलेल्या फोटोत कौलारू छपरं आणि मागच्या इमारती एकमेकांवर रचल्यासारख्या दिसतात. ही करामत लेन्सची नसून तुमच्या अंतराची आहे. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते. हवा धुरकट असेल तर हे फोटो फिके पडतात, त्यामुळे पावसानंतरचा स्वच्छ दिवस धरा. ड्रोनच्या नियमांत आणि परवानग्यांत नवख्याने पडू नये. गड आहे की उंचीसाठी.

आणि पोवई नाका. तिथला ग्रेड सेपरेटर २०२१ साली वाहतुकीला खुला झाला. जमिनीखालचा काँक्रीटचा रस्ता, वर शिवाजी महाराजांचा पुतळा आणि पाठीमागे अजिंक्यताऱ्याची कडा, अशी चौकट शोधा. इथे वाडा नाही, तरी साताऱ्याचं जुनं-नवं इतक्या उघडपणे दुसरीकडे दिसत नाही. तिन्हीसांजेला तिपाई लावा, एफ/११, आयएसओ १००, शटर ४ ते ८ सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा बांधकामाच्या वळणाने जातात. तिपाई फुटपाथच्या आतच ठेवा, रस्त्याच्या कडेला नाही.

एक विषय सहसा राहून जातो. महामार्गावर आणि गावाबाहेर वाड्याची नक्कल करणारी नवी हॉटेलं आणि बंगले उभे राहिले आहेत: सिमेंटची महिरप, रंगवलेले लाकडासारखे खांब, स्लॅबवर शोभेची कौलं. त्याचे फोटो जरूर घ्या आणि खऱ्या वाड्याच्या त्याच भागाशेजारी ठेवा. सुरूदार खांब वरची तुळई पेलतो, नकली खांब काहीच पेलत नाही, आणि हे फोटोत दाखवता येतं. खांब जिथे छताला मिळतो तो भाग जवळून घ्या. खऱ्या खांबावर लाकडाचे सांधे दिसतील, नकली खांबावर प्लॅस्टरची सलग रेघ.

माणसांशी बोला

वाडा म्हणजे कुणाचं तरी घर. दिंडी उघडी दिसली म्हणून चौकात शिरू नका. बाहेरून हाक मारा, "काका, दरवाजा फार सुरेख आहे तुमचा, फोटो काढू का?" एवढं पुरतं. कॅमेरा गळ्यात असू द्या, हातात तयार नको. ओसरीवर बसलेल्या आजी बहुधा विचारतात, "कशाला काढताय? पडायला आलंय ते." त्यावर भाषण देऊ नका, बसा आणि ऐका. माडी कधी उतरवली, पत्रा कधी घातला, शेजारचा भाग कुणाच्या वाटणीला गेला, हे त्याच सांगतील. कुठे सांधा आहे ते मग तुम्हाला शोधावं लागत नाही. वाळत घातलेले कपडे, उघड्या खिडक्या, लहान मुलं यांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. पडायला आलेल्या माडीवर "वर जाऊन बघा" म्हटलं तरी चढू नका, कुजलेली फळी वरून कळत नाही.

घरी आल्यावर

फोटो निवडताना जोड्या लावा. ज्याला जोडी नाही तो कितीही देखणा असला तरी या मालिकेत बाजूला ठेवा. रेषा सरळ करा, उजेड थोडा समतोल करा आणि तिथेच थांबा. जुन्या फोटोला पिवळट छटा आणि नव्याला थंड निळी छटा देण्याची सवय लागते, ती लावून घेऊ नका. तारा, फ्लेक्स, पार्किंगमधल्या गाड्या पुसूही नका. आजच्या पेठेचा तो भाग आहे.

प्रत्येक फोटोखाली पेठेचं नाव, कोणत्या दिशेने बघत होतात ती दिशा, तारीख आणि वेळ लिहा. घरमालकाचं नाव किंवा घर क्रमांक लिहू नका. उभं राहिलात ती जागा स्वतःच्या वहीत नेमकी नोंदवा, जसं "समोरच्या दुकानाची दुसरी पायरी, २एक्स". पुढच्या वर्षी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच वेळेला पुन्हा फोटो घेता येतो आणि तेव्हा ऊनही त्याच कोनातून येतं. आणि ज्यांनी आत घेतलं त्यांना एक छापील प्रत नेऊन द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो म्हाताऱ्या माणसांच्या हाती राहत नाही. पोस्टकार्डाच्या आकाराची प्रत स्वस्तात छापून मिळते.